रेषेच्या आत

कुमुदआत्या आमच्या घरी आल्या की आधी दाराशेजारच्या मीटरकडे बघतात आणि मग माणसांकडे. मीटरवरचा लाल ठिपका जरा घाईघाईनं मिचकताना दिसला, की चपला काढायच्या आधीच आतल्यांना आरोळी ऐकू येते, "बटन बंद कर आधी! काहून चालू आहे तो फॅन? भिंतीले गरम होऊन राहिलं का?" बसणं, पाणी मागणं, कसे आहात विचारणं, हे सगळं बटन बंद झाल्यावर.

गेल्या थंडीत माझे सासरे अमरावतीहून आले होते. टॉवेल खांद्यावर टाकून अंघोळीला निघाले आणि नेमक्या आत्या दारात. सासऱ्यांनी हात जोडले. आत्यांनी त्यांच्याकडे न बघता विचारलं, "गीझर कधीचा चालू आहे?" सासरे जन्मभर हेडमास्तर होते. त्यांना असं कुणी विचारलं नव्हतं. ते मुकाट्यानं मागे फिरले, गीझर बंद केला आणि राहिले ते सगळे दिवस थंड पाण्यानं अंघोळ केली. अजून फोन केला की आधी "तुमच्या आत्या कशा आहेत" असं दबक्या आवाजात विचारतात.

आत्या तशा माझ्या कुणी नव्हेत. रायपुरातला आमचा मोहल्ला म्हणजे ब्राह्मणपारा; तिथं आमच्या घरासमोर त्यांचं घर. माझे वडील त्यांना ताई म्हणत, म्हणून त्या माझ्या आत्या झाल्या आणि मग हळूहळू सगळ्या पाऱ्याच्याच झाल्या. रेल्वेच्या हिशेबखात्यात नोकरी करून निवृत्त झाल्या, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. लग्न केलं नाही. का नाही, असं एकदा माझ्या बायकोनं, सुनीतानं, भीत भीत विचारलं. आत्या म्हणाल्या, "गणित जमलं नाही." विषय संपला.

सकाळी देवळात जाताना त्या गल्लीतल्या सगळ्यांचे मीटर वाचत जातात. येताना कुणाकडे पाहुणे उतरलेत, कुणाचा फ्रिज म्हातारा झालाय आणि कुणाच्या पोराची परीक्षा आहे, हे त्यांना कळलेलं असतं. माझी मुलगी म्हणते, "पापा, ये तो जासूसी है." आत्यांना मात्र तोंडावर असं म्हणायची तिची हिंमत नाही. आत्यांची चाहूल लागली की ती स्वतःच उठून एसी बंद करते आणि घाम पुसत पुस्तक उघडून बसते.

आमच्याकडे बिजलीच्या बिलात सवलत सुरू झाली तेव्हा आम्ही सगळे खूश होतो. निम्मं बिल! मी मनातल्या मनात जुन्या बिलाला दोननं भागलं आणि नवं बिल आल्यावर पाहिलं तर आकडा त्या निम्म्याहून जास्तच. मी तावातावानं बिल घेऊन आत्यांच्या ओट्यावर गेलो. म्हटलं, हा सरळ सरळ अन्याय आहे.

आत्यांनी चष्मा लावला, बिलावरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की शाळेतले दिवस आठवले.

"तू पंगतीत बसला," त्या म्हणाल्या. "यजमानानं सांगितलं, जेवण निम्म्या भावात. म्हणून तू काय पाटाचं भाडंबी निम्मं देशील? वाढप्याचे पैसे निम्मे देशील? सवलत आहे ती जेवणावर. म्हणजे युनिटांवर. पाटाचं भाडं म्हणजे हा स्थिर आकार, तो पुरा. गणित मांड, मग भांडायले ये."

मी गणित मांडलं. बिल बरोबर होतं. भांडायला गेलो नाही.

पुढे नियम बदलला. पूर्वी कितीही वीज जाळा, ठरलेल्या युनिटांपर्यंतच्या भागावर निम्मी सूट मिळायची. आता महिन्याचा सगळा वापरच त्या रेषेच्या आत राहिला तर सूट, एक युनिट जरी पलीकडे गेलं तर सगळी पंगत पूर्ण भावानं. पाऱ्यात हाहाकार झाला. आत्या मात्र पदर खोचून उभ्या राहिल्या. "रेषा आखली ना त्यांनी? ठीक आहे. आपण आत राहू. पाहू कोण थकते!"

आणि त्या राहिल्या. रायपूरचा नवतपा ज्यानं अनुभवलाय त्यालाच कळेल की हे काय दिव्य आहे. ज्येष्ठातले ते नऊ दिवस कुत्रीसुद्धा नालीत जाऊन बसतात. आत्यांच्या बैठकीत कूलर नाही आणि पंखाही नाही. छताला नुसता लोखंडी हूक. त्या हुकाखाली आरामखुर्ची टाकून, ओला पंचा डोक्यावर घेऊन त्या बसतात आणि विचारलं तर म्हणतात, "मले काही होत नाही. माझं बिल पाह्य."

एकदा रीडिंग घेणारा माणूस बराच उशिरा आला. महिन्यापेक्षा जास्त दिवसांची वीज एका महिन्याची म्हणून मोजली गेली, आणि आत्या आयुष्यात पहिल्यांदा कागदोपत्री रेषेच्या बाहेर गेल्या. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला ऑफिसातून रजा काढायला लावली आणि स्कूटरच्या मागे बसून वीज कार्यालय गाठलं.

खिडकीतला बाबू म्हणाला, "अम्मा, सिस्टम में ऐसा ही आता है."

"तो सिस्टम को बुलाओ," आत्या म्हणाल्या. "मैं बैठी हूँ."

"अम्मा, सिस्टम आदमी नहीं है."

"फिर उसकी बात मैं क्यों मानूँ? दिन बढ़े तो मेरी लकीर भी उतनी आगे सरकनी चाहिए. सीधा त्रैराशिक है. आपके साहब को आता है क्या त्रैराशिक?"

बाबूनं माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. आत्या बाकावर बसल्या, पिशवीतून डबा काढला आणि जेवायला सुरुवात केली. शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला त्यांनी ठेचा दिला, तिचीही तक्रार ऐकली, तिचं बिल वाचलं आणि तिलाही बसवून घेतलं. दुपारपर्यंत त्या बाकावर एक छोटी सभाच भरली. शेवटी साहेब बाहेर आले, बिल पाहिलं आणि दिवसांच्या हिशेबानं दुरुस्त करून दिलं. "आपने पहले क्यों नहीं बताया, माताजी?" असंही वर म्हणाले.

परतताना मी म्हटलं, "आत्या, एवढ्याशासाठी एवढं?"

"सवलत मागायची नसते रे," त्या मागून माझ्या कानात ओरडल्या. "मागितली का भीक होते. मोजून घ्यायची. आपल्या हक्काचं एकबी सोडायचं नाही आन दुसऱ्याचं एकबी घ्यायचं नाही."

यातलं शेवटचं, दुसऱ्याचं न घेण्याचं, त्यांना फार महागात पडायचं होतं. पण ते नंतर.

आता त्या रिकाम्या हुकाची गोष्ट सांगायला हवी, कारण आमच्या पाऱ्यात जन्मलेल्या प्रत्येक पोट्ट्याला ती पाठ आहे. आत्यांचं घर पुढून मागे लांबलचक आहे. पुढच्या अर्ध्यात आत्या आणि मागच्या अर्ध्यात त्यांचा धाकटा भाऊ बंडूकाका आणि त्याची बायको मालतीकाकू. वाटणी झाली तेव्हा मधलं दार विटांनी बुजवलं, मीटर दोन झाले, भांडी वाटली. सगळं शांतपणे पार पडलं आणि मग घोडं अडलं ते बैठकीतल्या पंख्यावर. आत्यांच्या आईच्या वेळचा तो जाडजूड पंखा, फिरताना बैलगाडीसारखा खडखडायचा. मालतीकाकू म्हणाल्या, सासूबाईंनी मला दिला होता. आत्या म्हणाल्या, पगार माझा लागला होता. पंखा मागे गेला. हूक पुढे राहिला. त्या दिवसापासून नणंद-भावजयींनी एकमेकींशी बोलणं टाकलं.

आत्यांनी त्या हुकाला दुसरा पंखा लावला नाही. बंडूकाका गेले, तेव्हा तेराव्यापर्यंतचं सगळं आत्यांनी केलं, भटजींशी बोलल्या, आचाऱ्याशी बोलल्या, पण मालतीकाकूंशी नाही. काकूंची मुलगी लग्न होऊन बंगळुरूला. त्यामुळे एकाच छपराखाली दोन बायका, एक पुढे आणि एक मागे, आणि मध्ये बुजवलेलं दार. दोन्ही स्वयंपाकघरांच्या मधल्या भिंतीत तेवढा वर एक झरोका राहिला होता, धुरासाठी जुन्या काळी ठेवलेला. तो बुजवायचं कुणाच्या लक्षात आलं नसेल, असं आम्ही समजत होतो.

सुनीताला मात्र एक गोष्ट खटकली होती. आत्या ठेच्याशिवाय जेवत नसत, आणि त्यांच्या भाजीत आताशा तिखटमीठच नसे. वाटीभर दोडक्याची भाजी आली तर अळणी. सुनीता म्हणाली, "वय झालं आत्यांचं." मी म्हटलं, वय झालं तर आवाज कमी व्हायला हवा होता.

आमच्या गल्लीत एक पांडे भैया आहेत. मनुष्य दिलदार, पण हुशारी अंगावर सांडेल इतकी. त्यांनी रेषेवर अक्सीर इलाज शोधला. घर एक, स्वयंपाक एक, पण दुसरा मीटर मुलाच्या नावानं. वापर दोहोंत विभागला, दोन्ही रेषेच्या आत, दोन्हींवर सवलत. हे आत्यांना कळलं तेव्हा त्यांनी भर गल्लीत पांडे भैयांना थांबवलं.

"एका चुलीवर जेवून दोन पत्रावळी मांडता? लाज नाही वाटत? घर म्हणजे चूल. चूल एक तर घर एक, घर एक तर सवलत एक. इतकं सोपं गणित!"

पांडे भैया हसून निघून गेले. पण पाऱ्यात ते वाक्य म्हणीसारखं झालं.

आणि मग यंदा नवतप्यातच तपासणी निघाली. नियम अगदी आत्यांच्याच तोंडचा वाटावा असा होता. एका घरात दोन मीटर असतील तर चुली दोन आहेत का ते पाहायचं, फोटो काढायचा, आणि चूल एकच निघाली तर दोन्ही मीटरचा वापर एकत्र धरायचा. आत्या आणि काकूंचा वापर एकत्र केला तर तो रेषेच्या पार पलीकडे. म्हणजे आत्यांची इतक्या वर्षांची तपश्चर्या पाण्यात.

पण आम्हाला काळजी नव्हती. या दोघींच्या इतक्या वेगळ्या चुली सबंध रायपुरात नसतील.

तपासायला आले ते दुबेजी, गोल चेहऱ्याचे, घामानं डबडबलेले भले गृहस्थ. त्यांनी आत्यांच्या ओट्यावर बसून मोबाइल उघडला आणि विचारलं, "अम्मा, पीछे वाले और आप एक ही परिवार हो क्या?"

आत्या काही बोलायच्या आतच गल्लीनं साक्ष द्यायला सुरुवात केली. पंख्याची गोष्ट तीन जणांनी एकदम सांगितली. चक्क पांडे भैयाही पुढे झाले. "साहब, ये दोनों तो एक-दूसरे का मुँह नहीं देखतीं. मैं बचपन से देख रहा हूँ." दुबेजी रंगून ऐकत होते. आत्या मात्र नेहमीसारख्या तोंड घालत नव्हत्या. पदरानं गळा पुसत त्या नुसत्या बसल्या होत्या. मला वाटलं, उन्हानं.

"हव, ठीक हे," दुबेजी उठले. "बस दोनों चूल्हों की फोटो ले लूँ."

आत्यांच्या गॅसचा फोटो झाला. मग गल्लीला वळसा घालून आम्ही मागच्या दारी गेलो. मी, दुबेजी आणि साक्ष पूर्ण करायला पांडे भैया.

मालतीकाकूंनी दार उघडायला वेळ लावला. कडी काढताना ती किती तरी वेळ वाजत राहिली. दार उघडल्यावर मी पाहिलं, त्यांचे दोन्ही हात थरथरत होते. थंडीत थरथरावेत तसे, आणि बाहेर आग ओतत होती. समोर राहून मला याची गंधवार्ता नव्हती. खोलीत तो जुना पंखा खडखडत होता.

स्वयंपाकघर आरशासारखं लख्ख. फार लख्ख. गॅसच्या शेगडीवर इस्त्री केलेला भरतकामाचा रुमाल अंथरला होता आणि त्यावर देवीचा फोटो. दुबेजी फोटो काढता काढता थांबले. त्यांची नजर वर गेली. झरोक्यात एक पितळी डबा होता. त्यांनी तो उतरवला, झाकण उघडलं. आत मऊ भात, अळणी दोडक्याची भाजी, आणि पोळी दुधात कुस्करलेली. वाफ अजून येत होती. झाकणावर आपल्याकडे कोरून घेतात तसं नाव कोरलेलं होतं. दुबेजींनी ते वाचलं.

"कुमुद कौन हैं?"

 पांडे भैयांनी खाली पाहिलं.

"माझी चूल वेगळी आहे," मालतीकाकू घाईघाईनं म्हणाल्या. "मतलब, मेरा चूल्हा अलग है, भैया. ये तो आज ही... आप बैठो. मैं चाय बनाती हूँ ना, आप फोटो खींचो."

त्यांनी देवीचा फोटो उचलून बाजूला ठेवला, रुमाल ओढला, भांडं चढवलं, गॅसचं बटन फिरवलं आणि काडी ओढली. काडी मोडली. दुसरी पेटली आणि हातातच हिंदकळून विझली. तिसरी खाली पडली. गॅसचा वास पसरायला लागला. मी पुढे झालो तर त्यांनी कोपरानं मला दूर केलं.

"तू नको लावू. मलेच लावू दे. नाही तर हे धरणार नाहीत, आन वन्संची सवलत जाईल."

डोळ्यांत पाणी, हातात चौथी काडी, आणि ती काही केल्या पेटीला लागेना. मला तिथं उभं राहवेना.

तेवढ्यात झरोक्यातून आवाज आला.

"बटन बंद कर, मालती!"

अख्ख्या पाऱ्यानं हजारदा ऐकलेली आरोळी. पण या भिंतीपलीकडून ती पहिल्यांदा आली होती. आत्या पलीकडे स्टुलावर चढल्या असाव्यात, झरोक्यात त्यांचे पांढरे केस आणि चष्मा दिसत होता.

"वन्सं, तुम्ही जा ना," काकू म्हणाल्या. "तुमची रेषा..."

"चुलीत गेली रेषा! हात भाजून घेशील. बटन बंद कर आधी."

काकूंनी बटन बंद केलं. मी खिडकी उघडली.  मग आत्या म्हणाल्या, "दुबेजी, लिखो. चूल्हा एक."

दुबेजी खरंच भले होते. ते म्हणाले, "अम्मा, पड़ोसी को खाना देना तो धर्म का काम है. मैं दो लिख दूँ तो कोई पूछेगा नहीं."

"पड़ोसी?" आत्यांचा आवाज चढला. "पड़ोसी कौन है यहाँ? मेरे भाई की बीवी है. हाथ काँपते हैं उसके, तो मैं खिलाती हूँ. इसमें धर्म का क्या काम? एक लिखो! और गलत लिखा तो ऑफिस में आकर बैठूँगी, डब्बा लेके."

दुबेजींनी एक लिहिलं. पांडे भैया माझ्याआधी बाहेर पडले आणि सरळ घरी गेले.

पुढचं बिल आलं तेव्हा आत्यांनी ते ओट्यावर बसून सगळ्यांसमोर वाचलं. सवलतीच्या रकान्यात शून्य. कुणी हळहळलं की त्या फटकारत, "बिल बरोबर आहे. मी तपासलं. आता तुझं दाखव!"

मधलं दार उघडायला गवंडी आला तेव्हा पाऱ्यात बरीच कुजबुज झाली. मी चार दिवसांनी भर दुपारी गेलो. पुढची बैठक रिकामी, आरामखुर्ची जागेवर नाही. नव्या उघडलेल्या दारातून मागे डोकावलो. आरामखुर्ची तिथं होती, शेजारी काकूंची खाट. आत्या काकूंना वाटीतून काहीतरी भरवत होत्या आणि भाजी अळणी झाली म्हणून काकू कुरकुरत होत्या. वर तो पंखा आपला खडखडत होता.

इतकी वर्षं या बाईनं त्या हुकाखाली एकटीनं घाम गाळला, आणि आम्ही तिच्या युनिटांची थट्टा केली. मला गलबलून आलं. ते दिसू नये म्हणून मी दारातूनच, त्यांच्याच आवाजात म्हटलं, "काहून चालू आहे फॅन? बटन बंद करू का, आत्या?"

"खबरदार हात लावशील तर!" आत्या वाटी न ठेवता म्हणाल्या. "गणित मांड जरा. माणसं दोन, पंखा एक. झालं का नाही निम्मं?"